कुंपणाच्या आतला कारखाना आणि बाहेरचा पुरवठादार

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एखाद्या विकसनशील देशाने परकीय कंपन्यांना कारखाने उघडू दिले आणि त्याच काळात जगाच्या बाजारात नवे, स्वस्त स्पर्धक उतरले, तर त्या देशाच्या स्वतःच्या निर्यात उद्योगांचे काय होते? ते वाढतात, की दोन्हीकडून दाबले जाऊन संपतात? आणि शेजारी असा कारखाना येणार असेल, तर छोट्या निर्यातदाराने काय करावे? मी सत्तावीस वर्षे तयार कपड्यांच्या निर्यातीत आहे. त्यातली पहिली अकरा वर्षे कारखान्याच्या बाजूने किंमतपत्रके तयार करण्यात गेली आणि उरलेली खरेदीदाराच्या बाजूने तीच किंमतपत्रके सोलून पाहण्यात. त्यामुळे उत्तरात कापडाचे दाखले जास्त येतील. मात्र विकसनशील देशांच्या कारखानदारी निर्यातीची सुरुवात बहुधा कपड्यांपासूनच झालेली असल्याने हा दोष फार मोठा नाही.

'वाढतात' किंवा 'मरतात' असे एका शब्दात सांगता येत नाही हे खरे, पण 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असे म्हणून अंग काढून घेणेही बरे नाही. माझ्या मते निकाल ठरतो तो एका साध्या गोष्टीवर. परकीय कारखान्याभोवती एक कुंपण असते. कधी ते तारेचे असते, कधी केवळ जकातीच्या नियमांचे. त्या कुंपणातून शिकलेली माणसे बाहेर पडू शकतात का, आणि बाहेरच्या पुरवठादाराचा माल आत जाऊ शकतो का, एवढे पाहावे. गुंतवणुकीचा आकडा, करसवलतींची यादी आणि उद्घाटनाची छायाचित्रे यांवरून यातले काहीच कळत नाही.

माणसे बाहेर पडण्याचे सर्वांत ठळक उदाहरण बांगलादेशाचे आहे. ते आमच्या धंद्यात इतक्यांदा सांगितले जाते की गुळगुळीत झाले आहे, तरी त्यातला नेमका भाग सांगायचा राहून जातो. १९७८ साली नुरुल कादेर यांच्या 'देश गार्मेंट्स'ने दक्षिण कोरियाच्या 'देवू' कंपनीशी करार केला. देवूला बांगलादेशाविषयी अचानक प्रेम वाटू लागले होते असे नाही. १९७४ पासून लागू असलेल्या बहुधागा करारानुसार श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे बसवले होते, कोरियाचा कोटा भरत आला होता आणि बांगलादेशाचा जवळजवळ रिकामा होता. म्हणजे ही भागीदारी मुळात व्यापारी निर्बंधांतून पळवाट काढण्यासाठी झाली. १९७९ मध्ये देश गार्मेंट्सने १३० जणांना कोरियातील बुसानच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवले. ते तिथे शिवण शिकलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाइनवर कोणते काम कोणाच्या पुढे ठेवले की माल तुंबत नाही, नमुना मंजूर कसा करून घ्यायचा, जहाजाची तारीख चुकू नये म्हणून कागदपत्रे कोणत्या क्रमाने तयार ठेवायची, ही सगळी कामाची शिस्त त्यांनी पाहिली. १९८० मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८१ मध्येच देश गार्मेंट्सने तो करार संपवला. १९८७ पर्यंत त्या १३० पैकी ११५ जण नोकरी सोडून गेलेले होते. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक झाले.

मालकाच्या दृष्टीने हा तोटाच होता, कारण प्रशिक्षणाचा खर्च त्याने केला आणि फळ शेजाऱ्याने खाल्ले. देशाच्या दृष्टीने मात्र एका कारखान्याच्या खर्चात शेकडो कारखान्यांचे बियाणे तयार झाले. हा विरोध ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण खाजगी मालक, देशी असो की परकीय, प्रशिक्षणावर जेवढा हवा तेवढा खर्च का करत नाही याचे उत्तर त्यात आहे. मलेशियातील पेनांग राज्याने १९७२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र उघडून इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या आणल्या आणि १९८९ मध्ये सरकार व कंपन्या यांनी मिळून एक सामाईक कौशल्य केंद्र काढले. प्रत्येकाने वर्गणी भरायची आणि प्रत्येकाने कामगार पाठवायचे, म्हणजे माणूस पळाला तरी कोणा एकाचे नुकसान होत नाही. मला हा उपाय भाषणांतल्या 'कौशल्य विकासा'पेक्षा फार शहाणपणाचा वाटतो.

बांगलादेशाच्या गोष्टीत दोन कागदी सोयीही होत्या आणि त्यांच्याशिवाय त्या ११५ जणांचे कौशल्य वाया गेले असते. एक होती बाँडेड गोदामाची. निर्यातीसाठी आणलेले कापड जकात न भरता गोदामात ठेवायचे आणि कपडे होऊन देशाबाहेर गेले की हिशेब मिटवायचा. दुसरी होती बॅक-टू-बॅक एलसीची. एलसी म्हणजे पतपत्र, माल पाठवल्याची कागदपत्रे दिली की पैसे देण्याची बँकेची हमी. परदेशी ग्राहकाने निर्यातदाराच्या नावे उघडलेल्या पतपत्राच्या आधारावर बँक कापड पुरवणाऱ्याच्या नावे दुसरे पतपत्र उघडते, आणि कापडाचे पैसे कपड्यांच्या वसुलीतून वळते होतात. कपड्याच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा कापडाचा असतो. ते उधारीवर आणि जकातीशिवाय मिळत असेल, तर ज्याच्याजवळ अनुभव आहे पण भांडवल नाही असा सुपरवायझरही कारखानदार होऊ शकतो.

आता कुंपणाची दुसरी बाजू पाहू, म्हणजे बाहेरचा माल आत जाण्याची. मेक्सिकोने १९६५ मध्ये उत्तर सीमेवर 'माकिलादोरा' योजना सुरू केली. सुटे भाग अमेरिकेतून जकातीशिवाय यायचे, जोडणी व्हायची आणि माल परत जायचा. रोजगार भरपूर निर्माण झाला, पण कित्येक दशके या कारखान्यांच्या कच्च्या मालात मेक्सिकन मालाचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली राहिला. याचा दोष स्थानिक मालाच्या दर्जाला देण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी आहे. उरलेले अर्धे मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात पाहिले.

एका निर्यात क्षेत्रात परकीय मालकीचा जॅकेटचा कारखाना होता आणि मी तिथे खरेदीदारातर्फे तपासणीला गेलो होतो. पॅकिंग विभागात घडी घातलेली कार्टन रचून ठेवली होती. ती समुद्रमार्गे, कापडाबरोबर, परदेशातून आलेली होती. क्षेत्राच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे कार्टन बनवणाऱ्याची शेड होती आणि तिचे यंत्र बंद होते. मी व्यवस्थापकाला कारण विचारले, तर त्याने सांगितले की समोरच्याचा भाव जास्त आहे. मग मी समोर गेलो. मालकाने हिशेब मांडून दाखवला: जकात नसती तर त्याचे कार्टन ९४ ला पडले असते, आयातीचे १०० ला पडत होते. पण क्राफ्ट कागदावर तो पंचवीस टक्के आयात शुल्क भरत होता आणि खर्चात कागदाचा वाटा साठ टक्के होता, त्यामुळे त्याचा भाव १०८ वर जात होता. क्षेत्रातल्या कारखान्याला विकलेला माल निर्यातच मानून ते शुल्क परत मिळण्याची तरतूद होती. त्याने कपाटातून एक फाइल काढली. तीन प्रतींतला अर्ज, त्यावर आलेला आक्षेप, आक्षेपाचे उत्तर, आणि उत्तराच्या दुसऱ्या पानावर शिक्का नाही म्हणून परत आलेले पत्र. आठ महिने झाले होते. सहा टक्के स्वस्त असलेला माणूस नियमांमुळे आठ टक्के महाग ठरत होता, आणि अहवालात मात्र 'स्थानिक पुरवठादार स्पर्धाक्षम नाहीत' असे वाक्य जात होते. ते वाक्य मीही लिहिलेले आहे.

दर्जाचा प्रश्न नव्हता असे नाही. त्याच्या कार्टनची बर्स्टिंग स्ट्रेंथ, म्हणजे दाबाखाली फुटेपर्यंत टिकण्याची ताकद, पावसाळी हवेत घसरत होती आणि त्याच्याकडे ती मोजण्याचे यंत्रच नव्हते. कारखान्याच्या दर्जा तपासनिसाने त्याला आपल्या प्रयोगशाळेत दर आठवड्याला नमुने आणण्याची मुभा दिली, तेव्हा चूक कागदात नसून गोंदाच्या प्रमाणात आणि वाळवण्याच्या वेळेत असल्याचे दोन महिन्यांत ध्यानात आले. 'तंत्रज्ञानाचे हस्तांतरण' म्हणतात ते प्रत्यक्षात बहुतेक वेळा असेच असते: कोणीतरी मोजमापाचे यंत्र वापरू देतो आणि कुठे चुकते ते सांगतो.

अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासांतही हाच फरक दिसतो. ब्रायन एटकेन आणि ॲन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातील कारखान्यांच्या आकडेवारीवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परकीय कारखाने वाढले तेव्हा त्याच उद्योगातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता उलट घटली, असे त्यात आढळले, कारण ग्राहक नवागताकडे गेले आणि जुन्यांचा स्थिर खर्च कमी मालावर विभागला जाऊ लागला. बीआटा यावोर्चिक यांच्या लिथुआनियाच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, परकीय कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उद्योगांची उत्पादकता वाढलेली दिसली. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेद देत नाहीत. परकीय कंपनी आपल्या स्पर्धकाला शिकवत नाही, किंबहुना त्याला काही कळू नये अशीच तिची इच्छा असते. पुरवठादाराला मात्र ती स्वतःच्या गरजेपोटी शिकवते, कारण त्याचा माल खराब आला तर तिची लाइन थांबते. म्हणून 'परकीय गुंतवणुकीचा देशी उद्योगांवर परिणाम काय' असे सरसकट विचारण्यापेक्षा आपण तिच्या शेजारी उभे आहोत की तिच्या मागे, हे आधी विचारावे.

पुरवठादाराला आत घेण्यासाठी पूर्वी देश थेट अटी घालत. तैवानमध्ये १९६०च्या दशकात सिंगर शिलाई यंत्राच्या कंपनीला परवानगी देताना सुटे भाग स्थानिक कारखान्यांकडून घेण्याची आणि त्यांना आराखडे व तांत्रिक मदत देण्याची अट घातली गेली. काही वर्षांतच सुईसारखा एखादा भाग सोडला तर बाकी यंत्र तिथल्या भागांचे होऊ लागले, आणि ते भाग बनवणारे छोटे कारखाने पुढे सिंगरच्या प्रतिस्पर्ध्यांनाही माल विकू लागले. आज ही वाट बरीचशी बंद आहे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर गुंतवणुकीशी निगडित व्यापारी उपायांचा जो करार आला, त्याने स्थानिक मालाच्या सक्तीवर बंदी घातली. दक्षिण कोरियाने वापरलेली दुसरी वाट मात्र मोकळी आहे. तिथे निर्यातदाराच्या पतपत्राच्या आधारे देशांतर्गत पुरवठादारालाही स्थानिक पतपत्र मिळे, आणि ते हाती असले की त्याला निर्यातदाराला मिळणाऱ्या त्याच सवलती मिळत: जकातमुक्त कच्चा माल आणि स्वस्त कर्ज. समोरच्या कार्टनवाल्याला हवे होते ते एवढेच. त्यासाठी कोणावर सक्ती करावी लागत नाही, फक्त जकात खात्याला कामाला लावावे लागते. दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

हे दरवाजे बंद राहिले तर निर्यातीचे आकडे फुगतात आणि हाती थोडे उरते. २००९ सालच्या आयफोनचा हिशेब प्रसिद्ध आहे: चीनमधून बाहेर पडताना त्याचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता आणि त्यात चीनमधल्या जोडणीचा वाटा साडेसहा डॉलर. चीनच्या निर्यातीच्या नोंदीत मात्र पूर्ण रक्कम चढत होती. पुढे चीनने कुंपणाबाहेरचे पुरवठादार उभे केले म्हणून त्याचा वाटा वाढत गेला. व्हिएतनामची स्थिती आज बरीचशी मधली आहे. तिथल्या निर्यातीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक निर्यात परकीय भांडवलाच्या कंपन्या करतात. सॅमसंगसारख्या एका कंपनीच्या फोनची मागणी घटली की देशाच्या व्यापाराच्या आकड्यांत ते दिसते. हे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही, कारण दारिद्र्य कमी होण्यात या कारखान्यांचा मोठा हात आहे. पण 'व्हिएतनामची निर्यात' आणि 'व्हिएतनाममधून होणारी निर्यात' यांतला फरक तिथल्या धोरणकर्त्यांनाही चांगला ठाऊक आहे.

आता स्पर्धेकडे वळतो. स्पर्धा म्हणजे मजुरीची स्पर्धा, असा समज इतका पक्का आहे की तो मोडायला किंमतपत्रकच समोर ठेवावे लागते. समजा, पुरुषांच्या सुती शर्टाचा एफओबी भाव, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतचा भाव, आठ डॉलर आहे. त्यात कापड ४.६०, बटणे-लेबले-पॅकिंग ०.९०, कटिंग आणि शिलाईचा आकार १.८०, बंदरापर्यंतची वाहतूक, कागदपत्रे व व्याज ०.३०, आणि नफा ०.४० धरू. शिलाईच्या १.८० पैकी प्रत्यक्ष मजुरी निम्मी, म्हणजे ९० सेंट. आता स्पर्धक देशाने ७.६० चा भाव दिला. तुमचा नफा तिथेच संपला. मजुरी दहा टक्क्यांनी दाबली तर ९ सेंट सुटतात आणि कारखान्यात असंतोष पेटतो. कापड पाच टक्के स्वस्त मिळाले तर २३ सेंट सुटतात. आणि युरोपीय संघ या शर्टावर सामान्यतः १२ टक्के जकात घेतो, ती तुम्हाला माफ असेल आणि स्पर्धकाला नसेल, तर ग्राहकाच्या हिशेबात स्पर्धकाच्या ७.६० वर जवळपास ९१ सेंट चढतात. अमेरिकेत सुती शर्टावरची सर्वसाधारण जकात १९.७ टक्के होती. तिथे हाच फरक दीड डॉलरच्या जवळ जातो. सौद्याच्या टेबलावर मजुरीवर अर्धा तास घासाघीस होते, पण ऑर्डर कोणत्या देशाला जायची हे बहुधा त्याआधीच जकातीच्या तक्त्याने आणि कापडाच्या गिरणीने ठरवलेले असते.

म्हणूनच व्यापारी नियम बदलले की उद्योगांचे नशीब रातोरात पालटते. कोट्यांची पद्धत १ जानेवारी २००५ रोजी पूर्ण संपली. ज्या कोट्यांनी कोरियाला बांगलादेशात नेले होते तेच संपल्यावर बांगलादेश बुडेल आणि सगळे चीनकडे जाईल, असे भाकीत तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी केले होते; माझ्या तेव्हाच्या टिपणातही तेच आहे. चीनचा माल खरोखरच इतका वाढला की त्याच वर्षी युरोप आणि अमेरिकेने त्याच्यावर पुन्हा तात्पुरत्या मर्यादा घातल्या. पण बांगलादेश बुडाला नाही. त्याच्याकडे देशी मालक होते, विणलेल्या बनियन-टीशर्टच्या मालासाठी लागणारे सूत व कापड देशातच तयार होऊ लागले होते आणि युरोपात जकात माफ होती. २०११ मध्ये युरोपीय संघाने अल्पविकसित देशांसाठी मूळ देशाचा नियम सैल केला, कापड कुठलेही असले तरी शिलाई तुमच्याकडे झाली की पुरे, तेव्हा शर्ट-पँटच्या मालालाही बळ मिळाले. उलट २०२० मध्ये युरोपाशी मुक्त व्यापार करार लागू झालेल्या व्हिएतनामला सवलतीसाठी कापड स्वतःचे, किंवा करारात मान्य केलेल्या कोरियासारख्या देशाचे दाखवावे लागते, आणि त्याचे बरेच कापड चीनहून येते. करारावर सही झाली म्हणजे सवलत मिळाली असे नाही. ती मिळते की नाही हे कापडाच्या गाठीवरचे मूळ देशाचे नाव ठरवते.

लेसोथोचे दुसरे टोक आहे. दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या छोट्या देशात तैवानी मालकांनी जीन्स आणि टीशर्टचे कारखाने काढले, कारण अमेरिकेच्या २०००च्या आफ्रिकाविषयक कायद्याने जकात माफ केली होती आणि कापड कुठूनही आणण्याची मुभा होती. मालक बाहेरचे, कापड बाहेरचे, ऑर्डर मिळवणारी कचेरी बाहेरची. कोटे संपले त्या सुमारास, २००४च्या नाताळच्या सुट्टीनंतर, काही कारखाने उघडलेच नाहीत. उरलेले टिकले ते सवलतीवर. मग २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जाहीर केलेल्या दरांत लेसोथोवर पन्नास टक्के जकात आली, आणि ती पुढे पंधरा टक्क्यांवर आणली जाईपर्यंत ग्राहकांनी ऑर्डर रोखून धरल्या होत्या. मॉरिशसनेही हाँगकाँगचे भांडवल आणले होते आणि कोटे संपण्याच्या सुमारास तेही निघून गेले, पण तिथे साखरेच्या धंद्यातल्या देशी घराण्यांनी आपला पैसा कापडात आधीच गुंतवला होता. त्यांनी सूतगिरण्या काढल्या, स्वस्त शिलाई शेजारच्या मादागास्करला हलवली आणि महाग मालावर लक्ष दिले. उद्योग लहान झाला, पण तो त्यांच्याच हातात राहिला.

स्वतःच्या बाजारात येणाऱ्या स्वस्त आयातीबद्दलची भीती मला थोडी अतिरंजित वाटते, पण ती निराधार नाही. इथिओपियाच्या अदिस अबाबामध्ये चामडी बूट बनवणाऱ्या छोट्या कारागिरांची मोठी वस्ती आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चिनी बुटांनी त्यांचे ग्राहक पळवले, अनेक दुकाने बंद पडली, पण काही वर्षांत उरलेल्यांनी नवे आकार आणि बरे तळवे वापरून बाजाराचा मोठा भाग परत मिळवला. ज्यांच्याजवळ बदलण्याइतकी बचत होती ते वाचले. बंद पडलेल्या दुकानांचे मालक कोणत्याही यशोगाथेत येत नाहीत, हे अशा गोष्टी सांगताना विसरू नये.

संरक्षणाची उलटी बाजूही निर्यातदाराला सोसावी लागते. अर्थतज्ज्ञ अब्बा लर्नर यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की आयातीवरचा कर हा अखेरीस निर्यातीवरचा कर असतो. मला हे सिद्धांतातून नव्हे, तर झिपरवरून पटले. देशातल्या झिपर कारखान्याला वाचवण्यासाठी बसवलेली जकात जॅकेटच्या भावात उतरते आणि ऑर्डर जाते. मग झिपर घ्यायलाही कोणी उरत नाही.

विनिमय दराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या हातात नसतो. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन बाट मोकळे सोडले आणि पाठोपाठ शेजारच्या देशांची चलने घसरली, तेव्हा ज्या देशांनी आपले चलन तसेच ठेवले त्यांचा माल एका हंगामात महाग ठरला. त्या वेळी ज्यांचा कच्चा माल आयातीचा होता त्यांना अवमूल्यनाचा फायदाही पुरता झाला नाही, कारण विक्रीबरोबर खरेदीचाही भाव वाढला. इथेही शेवटी पुरवठादार देशात आहे की नाही यावरच गाडी येते.

परकीय गुंतवणुकीशिवाय हे सगळे शिकता येत नाही असेही नाही. पाकिस्तानातील सियालकोट शहरात देशी मालकांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिवलेले फुटबॉल जगाला पुरवत होते. २००६च्या विश्वचषकासाठी उष्णतेने चिकटवलेला, टाके नसलेला चेंडू आला आणि तो थायलंडमध्ये तयार झाला. सुईदोऱ्यावर जगणाऱ्या शहराला हा धोक्याचा इशारा होता. तिथल्या एका कारखान्याने ते तंत्र उभे केले आणि २०१४च्या विश्वचषकाचा चेंडू सियालकोटमध्ये बनला. त्यांना भांडवल नको होते. कडक आणि जाणकार ग्राहक हवा होता, तो त्यांच्याकडे आधीपासून होता. घरोघरी चेंडू शिवणाऱ्या बायकांचे काम मात्र या बदलात कमी झाले, तेही याच हिशेबात धरायला हवे.

करसवलतींविषयी माझे मत फारसे चांगले नाही. दहा वर्षांच्या करमाफीसाठी आलेला कारखाना अकराव्या वर्षी शेजारच्या देशाचे माहितीपत्रक वाचत असतो. मोठ्या बहुराष्ट्रीय गटांवर किमान पंधरा टक्के कर लावण्याच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय समझोत्यानंतर, आणि व्हिएतनामसह अनेक देशांनी २०२४ पासून तो अमलात आणल्यावर, या माहितीपत्रकांचा रंग थोडा उडाला आहे. माफ केलेला कर दुसऱ्या देशाचे सरकार वसूल करणार असेल, तर माफ करण्यात अर्थ राहत नाही.

जाणाऱ्या कारखान्यामागे काय राहते, हे पाहायचे असेल तर कोस्टा रिका पाहावा. इंटेलने तिथे १९९६ मध्ये कारखान्याची घोषणा केली आणि काही वर्षांतच देशाच्या निर्यातीत चिपचा वाटा मोठा झाला. २०१४ मध्ये कंपनीने जोडणी आणि चाचणीचे काम आशियात हलवले, सुमारे दीड हजार नोकऱ्या गेल्या. पुढे ती परत आली आणि २०२५ मध्ये तेच काम पुन्हा आशियाकडे नेण्याची घोषणा झाली. स्थानिक पुरवठादारांकडून कंपनीची खरेदी कधीच फार मोठी नव्हती. पण या काळात देशाने अभियंते आणि तंत्रज्ञ घडवण्याची शिक्षणव्यवस्था सुधारली होती, आणि त्याच मनुष्यबळावर वैद्यकीय उपकरणांचे कारखाने वाढून आज त्या देशाच्या निर्यातीत अग्रभागी आहेत. म्हणजे कुंपणाचा एक दरवाजा बंद होता, दुसरा उघडा होता.

आता छोट्या निर्यातदाराविषयी. पहिली दोन वर्षे त्रासाची जातील, हे गृहीत धरा. तुमचे सर्वोत्तम सुपरवायझर आणि मेकॅनिक आधी जातील, मजुरीचा दर वाढेल, चांगली जागा महाग होईल. भाव लढवून त्या कारखान्याशी टक्कर घेऊ नका; त्याचे व्याज तुमच्यापेक्षा स्वस्त आहे आणि त्याचा ग्राहक बहुधा त्याच्याच मूळ कंपनीच्या दुसऱ्या कचेरीत बसलेला आहे. त्याच्या खरेदी विभागात जाऊन, आयात होणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत जड, सर्वांत फुगीर आणि सर्वांत घाईची वस्तू कोणती ते विचारा, कारण दूरवरून आणणे सर्वांत आधी त्याच वस्तूला परवडेनासे होते. लांब मुदतीची ऑर्डर नाकारून तातडीची छोटी ऑर्डर मागा. तुमचा सुपरवायझर गेला तर त्याच्याशी संबंध तोडू नका. चार वर्षांनी तो परत येतो तेव्हा बरेच काही शिकून आलेला असतो, आणि अनेकदा स्वतःचे युनिट काढण्यासाठी भागीदार शोधत असतो. आणि शुल्क परताव्याची फाइल स्वतः सांभाळा, एजंटावर सोपवू नका.

तो जॅकेटचा कारखाना सहा वर्षांनी दुसऱ्या देशात गेला. त्यानंतर मी त्या बाजूला गेलो तेव्हा क्षेत्रातली शेड दुसऱ्या कोणी भाड्याने घेतली होती आणि समोर कार्टनवाल्याची दोन यंत्रे चालू होती. जाणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतले बर्स्टिंग टेस्टर त्याने लिलावात विकत घेतले होते. त्याच्या नोंदवहीतली बहुतेक गिऱ्हाईके आता देशी निर्यातदार होती, आणि त्यातल्या एकाच्या कारखान्यात जॅकेट कारखान्याचा जुना दर्जा तपासनीस कामाला होता.